कांद्यावर भाषण, कलमांवर मतदान

११ डिसेंबर २०२३ ला कांदा उत्पादकांनी मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला रास्ता रोको केला. त्यात शरद पवार होते. दहा वर्षं देशाचं कृषिखातं सांभाळलेले आणि तेव्हाही राज्यसभेचे सदस्य असलेले पवार महामार्गावर भाषण करत होते, आणि दिल्लीत संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. खासदाराने सभागृह सोडून रस्त्यावर कशाला यावं, असा टोमणा अशा वेळी मारला जातो. मला त्याच्या उलटा प्रश्न पडतो. त्या दिवशी ते सभागृहात असते, तर कांद्याबद्दल त्यांना नेमकं काय करता आलं असतं?

बोलता आलं असतं. शून्य प्रहरात किंवा विशेष उल्लेखात दोन-तीन मिनिटं मिळाली असती, मागच्या बाकांवरून थोडा गलका झाला असता, इतिवृत्तात नोंद झाली असती. मत मात्र देता आलं नसतं, कारण मत द्यायला काही समोर ठेवलेलंच नव्हतं. कांद्याची निर्यातबंदी आली ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने. ८ तारखेपासून निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत. अधिवेशन ४ तारखेलाच सुरू झालेलं होतं. म्हणजे लोकांनी निवडून दिलेलं सभागृह भरलेलं होतं, कांदा पट्ट्यातले खासदार दिल्लीतच होते, आणि तरीही लाखो शेतकऱ्यांच्या मालाचा भाव पाडणारा निर्णय घेताना त्यांना विचारण्याची गरज पडली नाही. कायद्याने ती नाहीच.

त्याच अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत दुसरी गोष्ट घडली. २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ ला राज्यसभेने भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम ही तिन्ही विधेयकं मंजूर केली. १८६० ची दंड संहिता, १८७२ चा पुरावा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, तिन्ही एका झटक्यात गेली. इथे मतदान झालं, आवाजी का होईना. बोलणारे मात्र बाहेर होते. १३ डिसेंबरला दोन तरुणांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उडी मारून धुराची नळकांडी फोडली, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी गोंधळ घातला, आणि अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. १९ तारखेच्या यादीत बारामतीच्या सुप्रिया सुळे होत्या आणि शिरूरचे अमोल कोल्हे होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा कांद्याचा मुलूख. तिथल्या खासदाराला ७ तारखेच्या बंदीवर मत नव्हतं आणि २० तारखेच्या संहितेवर तोंड नव्हतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. फौजदारी कायदा आणि व्यापार धोरण या दोन्ही ठिकाणी सरकारचा हात सामान्य माणसाला थेट लागतो. एकात तो तुरुंगात जातो, दुसऱ्यात त्याचा माल पडून राहतो. आणि नेमक्या या दोन ठिकाणी आपण खासदाराचं बोलणं आणि खासदाराचं मत यांची फारकत करून ठेवली आहे. फौजदारी कायद्यावर तो मत देतो, पण चर्चा होतेच असं नाही. व्यापारावर तो हवं तेवढं बोलतो, पण मत द्यायची वेळ येत नाही. मग भाषण हे समाजमाध्यमांवर टाकायची चित्रफीत होऊन बसतं, आणि मतदान हा हजेरीचा प्रकार.

फौजदारी कायद्याचं आधी पाहू. चर्चा न झाल्याने काय बिघडतं, याचं उत्तर दहा-बारा दिवसांत रस्त्यावर मिळालं. १ जानेवारी २०२४ ला देशभर ट्रक आणि टँकर उभे राहिले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कारण होतं न्याय संहितेचं कलम १०६(२). बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जास्तीत जास्त दोन वर्षं होती.

शिक्षा वाढवू नये असं माझं म्हणणं नाही. रस्त्यावर माणूस चिरडून निघून जाणाऱ्याला दोन वर्षं हा विनोदच होता. पण चालकांचा प्रश्न साधा होता: अपघाताच्या जागी थांबलो तर जमाव मारून टाकतो, मग थांबायचं कसं? पुढच्या चौकीत जाऊन कळवलं तर ते ‘पळून जाणं’ धरणार का? फोन केला तर चालेल का? किती वेळात? हे प्रश्न सभागृहात कुणीतरी विचारायचे असतात. त्यासाठीच विधेयकावर खंडवार विचार करायची पद्धत आहे, दुरुस्त्या मांडायची पद्धत आहे. मंत्र्याने उत्तर द्यायचं, ते उत्तर छापलं जायचं, आणि उद्या कलमाचा अर्थ लावताना वकिलाने ते न्यायाधीशापुढे ठेवायचं. गृहमंत्र्यांच्या भाषणातून असा अर्थ निघत होता की जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला सवलत आणि पळणाऱ्याला कडक शिक्षा. कलमाच्या मजकुरात दवाखाना नाही. तिथे पोलीस आणि दंडाधिकारी आहेत. हा फरक बोट ठेवून दाखवणारा माणूस समोरच्या बाकावर असायला हवा होता.

तो नव्हता, तेव्हा त्याची जागा व्हॉट्सअॅपने घेतली. सात लाख रुपये दंड होणार, असं प्रत्येक ढाब्यावर बोललं जात होतं. कायद्यात सात लाखांचा आकडा कुठेच नाही. पण ज्या कलमाची चर्चाच लोकांच्या कानावर आली नाही, त्याबद्दल त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिव वाहतूकदारांच्या संघटनेबरोबर बसले आणि या संघटनेशी बोलल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही, असं सांगून मोकळे झाले. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली: तिन्ही कायदे १ जुलैपासून लागू, १०६(२) वगळून. संसदेने मंजूर केलेलं कलम महामार्गावर स्थगित झालं. संसदेचा याहून मोठा अपमान निलंबित खासदारांनी फलक दाखवून केला नव्हता.

याच कलमाच्या पहिल्या भागात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचारादरम्यान तसं झाल्यास दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मूळ मसुद्यात नव्हती. डॉक्टरांच्या संघटनेने मागणी केली आणि विधेयक मंजूर होण्याच्या दिवशी सरकारनेच दुरुस्ती आणून ती दिली. मला ही सवलत चुकीची वाटत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर डॉक्टरला पाच वर्षांची भीती घातली, तर अवघड रुग्णाला कुणी हातच लावणार नाही. पण पाहा, डॉक्टरांची संघटना मंत्र्यांपर्यंत पोहोचते. ट्रकचालकाला तिथे पोहोचायचा एकच रस्ता असतो, तो म्हणजे त्याचा खासदार. तो रस्ता बंद झाला की मग खरोखरचा रस्ता बंद करावा लागतो.

सरकारची बाजूही इथे नोंदवली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. विधेयकं ऑगस्ट २०२३ मध्ये मांडली गेली, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेली, समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिले, मसुदे मागे घेऊन डिसेंबरमध्ये नव्याने आणले गेले. सतराव्या लोकसभेत समितीकडे गेलेल्या विधेयकांचं प्रमाण सहाएक विधेयकांत एक इतकं घसरलेलं असताना, हे निदान एवढं झालं. पण समिती म्हणजे सभागृह नाही. तिच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. या समितीने दोन शिफारशी ठळकपणे केल्या होत्या: व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होईल अशा रूपात परत आणा, आणि ‘अनैसर्गिक’ लैंगिक संबंधांबद्दलच्या जुन्या कलम ३७७ मधला बळजबरीचा भाग ठेवा. सरकारने दोन्ही नाकारल्या. पहिली नाकारली हे बरंच झालं. दुसरीचं काय? ३७७ पूर्णच काढून टाकल्यामुळे प्रौढ पुरुषावर किंवा तृतीयपंथीयावर बलात्कार झाला तर लावायला नव्या संहितेत थेट कलम उरलं नाही. मारहाणीची, दुखापतीची कलमं लावायची आणि भागवायचं. पुढे हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला विचारला. सभागृहात त्याला उत्तर देणं भाग पडलं असतं तर? कदाचित सरकारने तेच केलं असतं. पण का केलं, ते सांगावं लागलं असतं.

कलम १५२ चंही तसंच. राजद्रोहाचं १२४-अ गेलं, असा गाजावाजा झाला आणि त्या जागी देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारं कलम आलं. दोहोंत फरक काय, हे एखाद्या हवालदाराला समजेल इतक्या सोप्या शब्दांत कुणी विचारलं नाही. विरोधी बाकांवर असदुद्दीन ओवेसी यांच्यासारखे मोजके सदस्य बोलले. ३५८ कलमांच्या कायद्याला एवढा विरोध पुरत नाही. शिवाय प्रक्रिया संहितेची ५३१ कलमं वेगळीच. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येण्याची सोय तिच्यात आहे. जामिनाच्या अर्जावर याचा काय परिणाम होतो, हे कुठल्याही तालुका न्यायालयातल्या वकिलाला विचारा.

फौजदारी कायदा आणि व्यापार ही दोन टोकं एका कायद्यात मात्र एकत्र आली, आणि तेही त्याच वर्षी. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये जन विश्वास कायदा मंजूर झाला. ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षा सौम्य केली किंवा काढूनच टाकली, बऱ्याच ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड आणला. उद्देश उद्योगधंद्यांवरचा जाच कमी करणं. वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी तो मांडला. हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने खात्याखात्यांना बोलावलं, तपशिलात जाऊन कलमं पाहिली. क्षुल्लक कागदी चुकीसाठी दुकानदाराला कैदेची तरतूद असू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. औषध कायद्यातल्या काही गुन्ह्यांत पैसे भरून तडजोडीची वाट मोकळी केली, ते मला खटकतं. पण इथे सांगायचं ते वेगळंच. धंद्याच्या शिक्षा कमी करताना आपल्या संसदेला वेळ होता, समिती होती, धीर होता. चालकाची शिक्षा पाचपट करताना यातलं काहीच टिकलं नाही.

आता व्यापार. कांद्याची गोष्ट लासलगावला कुणालाही पाठ आहे, तरी ती सलग वाचली की अंगावर येते. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. लिलाव बंद पडले, ओरड झाली, तेव्हा केंद्र २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा घेणार अशी घोषणा झाली. महाराष्ट्राला ती कळली ती जपानच्या दौऱ्यावर असलेले तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिथून केलेल्या ट्वीटने. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचा नाही. डिसेंबरमध्ये सरसकट बंदी. मार्चमध्ये ती ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढली. एप्रिलमध्ये ऐन निवडणुकीत गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टनांना परवानगी मिळाली, महाराष्ट्रात आगडोंब उसळला, आणि दोन दिवसांत सहा देशांना मिळून ९९,१५० टन पाठवायला परवानगी असल्याचं जाहीर करावं लागलं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये अट गेली आणि शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं.

वीस महिन्यांत एवढी वळणं. यातल्या किती निर्णयांवर लोकसभेत मत मागितलं गेलं आणि एखादा खासदार पक्षाच्या विरोधात उभा राहिला, असं तुमच्या स्मरणात आहे? भाषणं झाली, घोषणा झाल्या, कांद्याच्या माळाही घातल्या गेल्या. निर्णय मात्र केंद्राच्या खात्यांमधून निघत राहिले. तेव्हा ग्राहक व्यवहार आणि वाणिज्य ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती, हा आणखी एक गमतीचा भाग. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा आणि देशाची निर्यात वाढावी, या दोन खात्यांमधला वाद मंत्र्यांनी आपल्याच टेबलावर आपल्याशीच घालायचा. तो वाद घालायची जागा खरं तर संसद आहे. मुंबईच्या खासदाराने म्हणावं भाव वाढलेत, दिंडोरीच्या खासदाराने म्हणावं आमचा उत्पादन खर्च निघत नाही, आणि मग मोजावं. दोघांचंही खरं आहे. लोकशाहीत अशा दोन खऱ्यांचा निकाल कुणीतरी उघडपणे लावायचा असतो, आणि तो कुणी कसा लावला हे मतदाराला दिसायचं असतं.

मतदाराने मग आपल्या परीने लावला. २०२४ च्या लोकसभेत दिंडोरी, नाशिक, अहमदनगर, शिरूर, धुळे या कांदा पट्ट्यातल्या जागांवर सत्ताधारी हरले. एकट्या कांद्याने त्या गेल्या असं म्हणणार नाही, पण कांद्याने रडवलं हे सत्ताधारी नेत्यांनीच नंतर कबूल केलं. मात्र पाच वर्षांतून एकदा शिक्षा देणं आणि निर्णय होताना दाद लागणं यात फार अंतर आहे. मे २०२४ मध्ये दिलेल्या मताने डिसेंबर २०२३ मध्ये चाळीत सडलेला कांदा परत येत नाही.

कांदा ही तर घरातली गोष्ट. परदेशांशी केलेल्या करारांत अवस्था आणखी वाईट आहे. राज्यघटनेने करार करण्याचा विषय संघसूचीत दिला आणि कलम २५३ ने तो अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला. पण करार संसदेपुढे मंजुरीला ठेवलाच पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नाही. शुल्क कमी करायचं तर सीमाशुल्काची अधिसूचना पुरते, त्यामुळे कायद्याची गरजही पडत नाही. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा २०२२ चा करार तीन महिन्यांच्या आत बोलणी पूर्ण करून झाला आणि त्या वर्षी १ मेपासून लागू झाला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, युरोपातल्या एफ्टा या व्यापार गटातले चार देश, मग ब्रिटन. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार, केंद्र सरकारच्या कंत्राटांत ब्रिटिश कंपन्यांना शिरकाव मिळणार. या करारावर ब्रिटनमध्ये काय होतं? २०१० च्या एका कायद्याने तो तिथल्या संसदेपुढे बैठकीचे २१ दिवस ठेवावा लागतो, आणि कॉमन्स सभागृहाने हरकत घेतली तर मंजुरी लांबते. म्हणजे भारताशी झालेल्या करारावर मँचेस्टरचा खासदार हरकत घेऊ शकतो आणि मालेगावचा नाही. ज्यांची राजवट जाऊन आठ दशकं होत आली, त्यांच्याच संसदेत आपल्या कराराची जास्त विचारपूस व्हावी, हे मला तरी बोचतं.

यावर अधिकारी मंडळी नेहमीचं उत्तर देतात: व्यापारात वेग लागतो. आठवडाभर आधी बंदीची चर्चा केली तर व्यापारी त्या आठवड्यात गोदामं रिकामी करतील, जहाजं भरतील. बोलणी उघड केली तर समोरचा देश आपला हात ओळखेल. हे खरं आहे, म्हणून आधी विचारा असं मी म्हणतच नाही. आधी करा, पण नंतर मंजुरी घ्या. वटहुकुमाला आपण हेच बंधन घातलं आहे: सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर तो संपतो. निर्यात शुल्क तातडीने वाढवलं तर त्यासाठी सभागृहाचा ठराव घेण्याची सोय सीमाशुल्क दर कायद्यात आहेच. शुल्काला जे लागू, ते त्याहून जहाल असलेल्या बंदीला का नको? चाळीस टक्के शुल्काने माल महाग होतो, बंदीने तो बंदरावरच अडतो. करारांचंही तसंच. बोलणी गुप्त ठेवा, सही करा, पण लागू करण्याआधी दोन्ही सभागृहांत मतदान घ्या.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पक्षादेशाच्या जमान्यात मतदानाने काय साधणार? १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे, पक्षाच्या विरोधात मत दिलं की सदस्यत्व जातं. सत्ताधारी बाकावरच्या कांदा पट्ट्यातल्या खासदाराने बंदीच्या बाजूनेच बटण दाबलं असतं. दाबू द्या. निदान ते बटण त्याच्या नावावर नोंदलं गेलं असतं, आणि प्रचाराला गावात आल्यावर ‘दिल्लीने केलं, मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नसती. आजच्या व्यवस्थेत खरी चैन त्याचीच आहे: बंदीविरुद्ध निवेदन द्यायचं, मंत्र्यांबरोबर फोटो काढायचा, आणि मत देण्यापासून सुटायचं.

शिवाय बोलण्याने काही होत नाही, हेही खरं नाही. आपल्याकडे विधिमंडळात बोलण्याची परंपरा सुरू झाली तेव्हा मत नावापुरतंच होतं. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून केंद्रीय कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलत, पण त्या अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार कुणाही सदस्याला नव्हता. मिठावरचा कर, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी देशी गिरण्यांच्या कापडावर लादलेला साडेतीन टक्के अबकारी कर, १९०७ मधलं राजद्रोही सभांविरुद्धचं विधेयक, म्हणजे व्यापार आणि फौजदारी कायदा दोन्हीवर ते बोलले. सभांचं विधेयक मंजूर झालं, कापडावरचा कर गोखल्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी गेला. पण मिठाचा कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. एकट्या गोखल्यांमुळे आला असं कुणी म्हणणार नाही. तरी दर मार्चला आकडे घेऊन उभा राहणारा माणूस समोर आहे, हे कलकत्त्यातल्या अर्थ सदस्याला विसरता येत नव्हतं. त्यांच्याकडे आवाज होता आणि मत नव्हतं. आज मत असलेल्या पाचशे त्रेचाळीस जणांकडून आपण त्याहून जास्त अपेक्षा करायला हरकत नसावी.

स्वतंत्र भारतातली दोन उदाहरणं मला अधिक जवळची वाटतात. आतापर्यंत फक्त १४ खासगी विधेयकांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेल्या विधेयकांचे, कायदे झाले. त्यातला शेवटचा १९७० चा, आणि तो फौजदारी न्यायाचाच आहे. लखनौचे अपक्ष खासदार आनंद नारायण मुल्ला हे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, उर्दूतले कवी, आणि पोलिसांबद्दल निकालपत्रात जहाल लिहून गाजलेले. त्यांच्या विधेयकामुळे, उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची शिक्षा दिली, तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क मिळाला. कुठलाही पक्ष पाठीशी नसलेल्या एका माणसाने सभागृहाला पटवून हे केलं. आज ज्याला हा हक्क मिळतो त्याला मुल्लांचं नाव माहीत असण्याचं कारण नाही.

दुसरं उदाहरण व्यापाराचं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये पेटंट कायदा बदलावा लागला. करारावर संसदेचं मत कधी घेतलं गेलं नव्हतं, पण पेटंट कायदा बदलायला विधेयक लागत होतं, म्हणून गोष्ट सभागृहात आली. सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं. त्यांनी अडवून धरलं, घासाघीस झाली, आणि कलम ३(ड) आज ज्या रूपात आहे ते त्यातून घडलं: जुन्याच औषधाचं रूप किंचित बदलून, गुण न वाढवता, नवं पेटंट मिळणार नाही. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून नोव्हार्टिसला ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट नाकारलं. या देशात ते औषध गरिबाच्या आवाक्यात राहिलं, त्यात २००५ च्या त्या मार्चमधल्या संसदेचा वाटा आहे. व्यापाराच्या एका प्रश्नावर बोलणं आणि मत एकाच दिवशी एकत्र आलं, तर काय होऊ शकतं ते हे.

हे सगळं आजच्याच सरकारने बिघडवलं, असं म्हणायचा मोह मी टाळतो. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेचं आणि बेकायदा कृत्य प्रतिबंधक दुरुस्तीचं विधेयक तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झालं, आणि त्याच महिन्यात लोकसभेने आठ विधेयकं १७ मिनिटांत उरकली. कांद्यावर बंदी घालण्याचं काम संयुक्त पुरोगामी आघाडीनेही केलं, २०१० आणि २०११ मध्ये, पवार कृषिमंत्री असताना. चांदवडच्या रस्त्यावर हे त्यांना कुणी ऐकवलं की नाही, ठाऊक नाही. सत्तेत असताना अधिसूचना सोयीची असते आणि विरोधात असताना सभागृह आठवतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आणि विरोधकांनीही एक गोष्ट स्वतःला विचारावी. सज्जातून माणसं उडी मारतात, तेव्हा निवेदन मागणं रास्तच होतं. पण तीन फौजदारी कायदे दाराशी उभे आहेत हे १२ डिसेंबरलाच कळलेलं असताना, फलक घेऊन मध्यभागी उतरून निलंबन ओढवून घेणं हे डावपेच म्हणून तरी शहाणपणाचं होतं का? निलंबनाचा निर्णय अवाजवी होता, शंभर वेळा अवाजवी. तरीही २० तारखेला आत राहून कलम १०६ वर एकच नेमकी दुरुस्ती मांडणारा सदस्य हा दहा फलकांहून सरकारला जड गेला असता.

नवा कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याच्या कलम १९ नुसार केंद्राचा असा प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर तो बदलता किंवा रद्द करता येतो. आदेश ठेवले जातात, सभागृहाच्या कागदपत्रांत त्यांची एक ओळ येते, आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. पुढची बंदी येईल, कारण पाऊस चुकला आणि निवडणूक जवळ आली की ती येतेच. त्या वेळी कांदा पट्ट्यातल्या एखाद्या खासदाराने शून्य प्रहरातलं भाषण बाजूला ठेवून या कलमाखाली रद्द करण्याचा प्रस्ताव द्यावा आणि त्यावर मतविभाजन मागावं. प्रस्ताव पडेल, बहुतेक. पण मग कोणी कुठलं बटण दाबलं, ते पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत भिंतीवर लावता येईल.